लहान टर्बो, मोठा टर्बो आणि बावीस लाल पाइप

२ मार्च
ठरलं. आपल्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला दोन टर्बो बसवायचे, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे. एक लहान, एक मोठा. सुरुवातीला लहान पटकन जागा होणार, चार हजार आरपीएमनंतर मोठा सूत्रं हातात घेणार. मध्ये एक्झॉस्ट इकडून तिकडे वळवणारा फक्त एक व्हॅल्व्ह. इतकं सोपं काम लोक का करत नाहीत, देव जाणे.
बायको फिजिओथेरपिस्ट. तिला गॅरेज क्लिनिकसाठी हवंय. म्हणाली, ३० तारखेला मला या गाडीतून टेकडीवर ने, नाहीतर गॅरेज माझं. मी लगेच हो म्हटलं. बिचारी.

११ मार्च
टर्बो बसले. बसवले मेकॅनिकने (त्याला सगळे उस्ताद म्हणतात), पण डोकं माझं. व्हॅल्व्हकडे जाणारे बारीक पाइप बावीस. उस्तादांनी प्रत्येकावर कोणता कुठे जातो याची चिठ्ठी चिकटवलीय. अक्षर भयानक. बॉनेट उघडलं की किराणा दुकान उघडल्यासारखं वाटतं. उस्ताद बहिणीकडे गेलेत, दोन तारखेला येणार. सांगून गेले, तोवर फक्त चालवा, कशाला हात लावू नका.
मी काय लहान आहे?

१९ मार्च
हात लावला. लाल सिलिकॉनचे पाइप आणले होते. जुने काढले, चिठ्ठ्यांसकट फेकले, नवे जोडले. इंजिन काय देखणं दिसतंय! मुलगी म्हणाली, आधी फोटो काढायचा ना. मी म्हटलं, सगळं डोक्यात आहे. तिने विचारलं, कोणाच्या? कार्टी आईवर गेलीय.

२४ मार्च
पहिल्या झटक्यात स्टार्ट! गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. जराशी सुस्त वाटली. नवे पार्ट आहेत, अंग मोकळं व्हायला वेळ लागणारच. उद्यापासून रोज तासभर चालवायची.

२८ मार्च
चालवली नाही. पुसली.
उस्तादांचा फोन. सगळं ठीक ना? म्हटलं, एक नंबर.

३० मार्च, सकाळी ८
निघतोय. बायकोला सांगितलं, बेल्ट घट्ट लाव, मान सांभाळ.

३० मार्च, दुपारी १
चढावर एका सायकलवाल्या आजोबांनी ओव्हरटेक केलं. घंटी वाजवून. बायकोला म्हटलं, चार हजार होऊ दे, मग बघ. कसेबसे झाले. गाडीला धापच लागली. अर्ध्या चढावर बायको उतरली आणि चालत वर गेली. वरून फोन केला, इथे छान वारा आहे, तुला किती वेळ?
उतारावर पिकअप उत्तम आहे.

२ एप्रिल
उस्ताद आले. बॉनेट उघडलं. एकेक लाल पाइप चाचपला. मग विचारलं, चिठ्ठ्या कुठायत? सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.
व्हॅल्व्हचे दोन पाइप उलटे, म्हणून व्हॅल्व्हही उलटा चालत होता. सुरुवातीचा थोडासा एक्झॉस्ट जात होता मोठ्याकडे, त्याचं पातंही हलत नव्हतं. वेग वाढला की सगळा लोंढा लहानग्याच्या नरड्यात. वीस मिनिटांत दुरुस्त झालं. मी म्हटलं, म्हणजे आयडिया बरोबरच होती. उस्तादांनी फक्त हात पुसले.
बायकोनेही वाद घातला नाही. टेप घेऊन गॅरेज मोजायला लागली.

५ एप्रिल, संध्याकाळी ६
गॅरेजमध्ये पडदे लागले. पेशंटचं टेबल आलं. माझे पाने पोटमाळ्यावर.
गाडीची ट्रायल झाली. चालवायला उस्ताद, कारण कान त्यांचे. शेजारी बायको, कारण टेकडी तिची. सीट दोनच. मी फाटकाशी.
चढावरून आवाज आला. आधी लहान्याची बारीक शिट्टी, मग एका दमात मोठ्याची गर्जना, मध्ये फट म्हणून नाही. महिनाभर याच आवाजासाठी मेलो होतो. खरं सांगतो, रडू आलं. आत बसून ऐकायचा होता.
परत आले. बायको हसत उतरली. म्हणाली, काय गाडी केलीस रे! मी किल्लीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात ती ड्रायव्हरच्या बाजूला गेली. म्हणाली, आता मी चालवून बघते, उस्ताद शेजारी बसतील. पेशंट आला तर बसवून ठेव.
पेशंट आलाय. बसवून ठेवलाय.