डाग कुणाला द्यायचा

तेर, ११ मार्च १९८५

तीर्थस्वरूप मामांस,

विशाखाचा सविनय जयभीम. इकडं सगळे खुशाल आहोत (पिराजीची कावीळ सोडून). मामींचा दमा कसा आहे? तुमच्या नळाला पाणी येतं का? आमचा निम्मा दिवस टँकरची वाट बघण्यात जातो.

तुमच्या या भाच्याचं रक्त लवकर गोठत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. हिवाळ्यात त्याचा गुडघा सुजला तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात तुम्हीच रक्त दिलंत. आता त्याचे डोळे पिवळेजर्द झालेत. पुतळाआत्यानं लगेच त्याच्या मनगटावर तापल्या सुईचा डाग द्यायचं ठरवलं. दाढ पडली तर ज्याचं रक्त चार दिवस थांबत नाही, त्याला डाग! मी या घरातली पहिली बी.एस्सी.; गप्प कशी बसणार?

संध्याकाळी दूध घालायला सगळं गाव सोसायटीत येतं. तिथल्या फळ्यावर (फॅटचे आकडे पुसून) आकृती काढून मी तासभर बोलले. ही कावीळ विषाणूची, आणि ती दुसऱ्याच्या रक्तातूनही येते, हे सांगितलं. शिवाय बाहेरून दिलेल्या रक्तातला गोठवणारा घटक परका समजून काहींचं शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं, मग पुढं रक्त देऊनही गुण येत नाही, हेही सांगितलं. लोकांना कळावं म्हणून उदाहरण दिलं, की सोसायटीनं मदतीला चांगला माणूस आणावा आणि संचालकांनीच त्याला हाकलावं, तसं हे. चेअरमन धुळाप्पा तडक उठून गेले. (मागच्या महिन्यात त्यांनी शिकलेल्या सचिवाला काढलं, हे मी साफ विसरले होते.) तेव्हापासून आमच्या म्हशीचं फॅट रोज कमीच लागतंय.

आत्या मात्र मन लावून ऐकत होती. घरी येऊन म्हणाली, "व्हय गं, पटलं मला. पोराला न्हाय देत डाग." सुई तिनं परत डब्यात ठेवली. मामा, मला रडूच आलं. शिक्षणाचं चीज झालं असं वाटलं. पिराजीला आता भूक लागतेय आणि तो माझ्यावर खेकसतोही, म्हणजे बरा होतोय.

तुमची भाची,
विशाखा

ता.क. देणाऱ्याचंही रक्त तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. पत्र मिळताच तेवढं कराच, आणि तोवर कुणाला रक्त देऊ नका.

आणखी एक. आत्याचं पुढचं बोलणं वर लिहायचं राहिलं. "रोग मामाच्या रक्तातनं आला न्हवं? मग डाग मामाला." तिच्या म्हणण्यात चूक कुठं आहे, ते मला अजून नीट दाखवता आलेलं नाही. ती रविवारच्या एसटीनं तुमच्याकडं निघतेय. सुई डब्यातून पिशवीत गेलीय. रिपोर्ट चांगला आला तर दारातच दाखवा. तिला वाचता येत नसलं तरी शिक्का लई मानते. वाईट आला तर औषध लगेच सुरू करा, आणि रविवारी पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.