खोडून लिहिलेले शंभर अंश

प्रिय अक्का,

तू गेल्यावर आठ महिन्यांनी लिहितोय. आधी लिहिलं असतं तर नुसते गोडवे गायले असते. परवा आपल्या सोनगीरला तुझ्या शाळेत जे पाहिलं, त्यानंतर ते जमेना.

नवा अभ्यासक्रम आलाय. सातवीच्या विज्ञानात आता मुलांनी स्वतः करून पाहायचं, दिसेल ते नोंदवायचं. तू हे दहा वर्षांपूर्वीच करत होतीस! नव्या मॅडमनी मला शेगडी दुरुस्त करायला बोलावलं. पाणी उकळलं. एक मुलगी थर्मामीटरवर वाकून ओरडली, "अठ्ठ्याण्णव!" आणि वहीत लिहिलं शंभर.

"बेटा, दिसलं किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग?"

"पुस्तकमा शंभर शे ना, नाना! मनी मोठी बहीणनी सांगं, खरं लिखं तर वही परत येस."

तिची मोठी बहीण तुझ्या वर्गात होती, अक्का. आणि त्या वह्या परत करायला लावणारा मी.

तेव्हा तुझ्या वर्गातल्या मुलांच्या चार गटांनी पाणी उकळलं होतं. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. तू चारही आकडे फळ्यावर ठेवलेस आणि विचारलंस, "फरक का पडला असेल?" मी शाळा समितीचा सदस्य. दहावी नापास, पण जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग पुस्तकं वाचून एकट्यानं शिकलेला. तारेचा एक वेढा कमी पडला तर सगळी गुंडाळी उलगडणारा! पालकसभेत उभा राहून म्हणालो, "पाणी किती अंशाला उकळतं हे ज्या बाईंना ठाऊक नाही, त्या काय शिकवणार?"

लोक हसले. "हा तर सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही," कुणीतरी म्हणालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

हेडमास्तरांनी वह्या पुन्हा लिहून घेतल्या. मुलं खोडरबर घासत बसली, तू खिडकीशी उभी. तेव्हाच का नाही भांडलीस गं?

त्या वर्षी अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आलीस, तेव्हा झोक्यावरून एवढंच विचारलंस, "भाऊ, एकदा तरी स्वतः उकळून पाहिलंस का?"

"छापलेलंय ते. पाहायचं काय त्यात?"

"अरे, पातेल्यातल्या पाण्याला वाचता येतं का?"

मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर तू निवृत्त होईपर्यंत प्रयोगांची फक्त चित्रं फळ्यावर काढलीस. हे मला परवा मॅडमकडून कळलं. इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

काल वर्कशॉपमध्ये उकळून पाहिलं. तीनदा. थर्मामीटर तळाला टेकू दिला नाही. तिन्ही वेळा अठ्ठ्याण्णव! आपलं गाव समुद्रसपाटीपेक्षा उंचावर, हवेचा दाब थोडा कमी. उरलेला फरक स्वस्त थर्मामीटरचा. एवढं समजायला मला एक दुपार लागली. तुझी मुलं तेव्हाच तिथवर पोचली असती. मी त्यांना सुवाच्य अक्षरात खोटं लिहायला शिकवलं.

शनिवारी पालकसभा आहे. तुझं नाव घेऊन सांगेन, बाई बरोबर होत्या, चूक माझी. हसले तर हसू देत. आणि त्या मुलीची मोठी बहीण आता पिंपळनेरच्या शाळेत शिकवते म्हणे. रविवारी तिच्याकडे जाईन. तिच्या वर्गातल्या वह्यांत काय लिहिलं जातंय, कुणास ठाऊक.

तुझा चुकलेला धाकटा,
प्रकाश