डब्यावरचे बत्तीस

१७ एप्रिल

विरूचं डोकं फिरलंय! ऐन मिरचीच्या सीझनमध्ये दुकानातल्या मसाला कांडपाच्या मशीनला नवा कॉन्टॅक्टर — मोटर चालू-बंद करणारा डबा — लावला, तोही परस्पर. सख्खी बहीण परळच्या ऑफिसात दिवसभर इलेक्ट्रिक पॅनेलच करते — पण पिकतं तिथे विकत नाही!

"डब्यावर बत्तीस अँपिअर लिहिलंय, ताई. मोटर बावीस खाते. अजून काय पाहिजे?"

अरे गाढवा, ते बत्तीस हीटरसारख्या लोडसाठी! मोटरसाठी खाली बारीक अक्षरात अठरा छापलंय. सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते. त्यात लालबागची ही गल्ली — प्रत्येक बाईचा मसाला वेगळा, प्रत्येकीसाठी मशीन बंद-चालू, बंद-चालू. आतले पॉइंट एक दिवस वितळून चिकटणार. मग मशीन थांबणारच नाही, बस लाल बटण दाबत!

"तुझं ऑफिस दुकानात आणू नको," म्हणे.

१९ एप्रिल

अबोला. मीपण कशाला बोलू?

२६ एप्रिल

चिकटले! रविवार म्हणून मी दुकानात होते. आमची कामवाली अक्षदा उखळातला मसाला हाताने वरखाली करायला वाकली. विरूने लाल बटण दाबलं — मुसळं पडतायत ती पडतायतच. "हात काढ गो!" मी ओरडले आणि मेन स्विच खाली ओढला. वाचली पोर.

आणि हा शहाणा काय म्हणतो? "दोन टपल्या मारल्या की सुटतं ते."

टपल्या! गिऱ्हाइकांसमोर झापला त्याला. तिच्या आईला काय तोंड दाखवणार होतास रे?

२७ एप्रिल

सुट्टी टाकली, त्याला धरून लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात नेलं. दुकानदारानेही आधी तोच बत्तीसवाला पुढे केला! "मोटरवर किती ते सांगा," म्हटलं, तेव्हा कुठे वरच्या फळीवरचा मोठा निघाला. मोटरसाठीच चाळीस. जादा करंट झाला की मोटर बंद पाडणारा ओव्हरलोड रिलेसुद्धा मोटरला जुळणारा घेतला. संध्याकाळी बसवून झालं. लाल बटण दाबलं की मशीन बंद. "मानलं ताई," विरू म्हणाला. राग अजून गेलेला नाही, पण बरं वाटलं.

२ मे

पलीकडच्या दुकानातल्या सरोजिनीकाकूंची मशीन आज लाल बटण दाबूनही थांबली नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

परवा त्यांचा कॉन्टॅक्टर जळला होता. विरूने आमचा जुना दिला. फुकट. शेजारधर्म!

आणि मी? जुन्याचं काय केलंस, एवढंही त्याला विचारलं नव्हतं.