देवघरातला चालता शंख

शेळगाव, ११ डिसेंबर १९५६

राजमान्य राजश्री हिंदुराव मेहुणे यांना आबासाहेबाचा रामराम. इकडे सर्व ठीक (आई सोडून, ते पुढे येईल). श्रीवर्धनला बदली झाल्यापासून तुमचा खोकला कसा आहे? साखरबाई भावाची रोज आठवण काढते, हल्ली जरा रागाने.

कारण तुमच्या समुद्रकाठचा शंख. आईने बजावले होते की देवघरासाठी विकतचा नको, समुद्राने स्वतः टाकलेला आण. तुम्ही कचेरीत गेल्यावर मी वाळूवर बसून ढीगभर शंख पारखले. आम्ही लिंबू हातात तोलून घेतो. हलके ते कोरडे, जड ते रसाळ. त्याच न्यायाने हलके सगळे फेकले आणि जड तेवढा एक धोतराच्या सोग्यात बांधला. आत कोणी राहत असेल ही शंका आली नाही. (लिंबात कोणी राहत नाही.)

आईने त्याला गंध लावून टाकांशेजारी बसवले. दुसऱ्या दिवशी तो अन्नपूर्णेच्या तांदळात. आई साखरबाईला म्हणाली, "देव हलवत जाऊ नगंस." ती म्हणाली, "मी न्हाय, आत्या." तिसऱ्या दिवशी शंखाला पाय निघाले आणि तो खंडोबाला वळसा घालून आईकडेच चालू लागला.

आई माळकरी. "सुनंच्या माहेरनं देवघरात वशाट आलं," म्हणाली. "ह्ये काय हाय त्ये कळंस्तवर मी अन्नाला शिवायची न्हाय."

शेजारच्या महिपतीला बोलावले. तो नीरेत खेकडे धरतो. त्याने बराच वेळ न्याहाळले.

"म्होरनं खेकडा हाय. मागनं न्हाय."

"मग मागनं काय हाय?"

"त्ये दावत न्हाय. लाजतंय."

आई म्हणाली, "अर्ध्यावर मी जेवायची न्हाय."

तेव्हापासून तो जीव पडवीत पालथ्या पाटीखाली आहे. साखरबाई त्याला भिते. रोज सकाळी तोंड फिरवून पाटीखाली भाकरी सरकवते. दुपारपर्यंत भाकरी साफ. एवढासा प्राणी, पण कालवण लावलेली भाकरी आधी संपवतो. आई मात्र उपाशी. तिचे तेज कमी झालेले नाही, ही पांडुरंगाची कृपा.

कळावे,
आबासाहेब

ता. क. खरे काम राहिले. समुद्राच्या बाबतीत आई तुमचाच शब्द मानेल. उलट टपाली ठळक अक्षरांत लिहावे की हा खेकडा नव्हे, पाला खाणारी गोगलगाय आहे. पाय कशाला आहेत, ते तुम्हाला सुचेल तसे लिहावे. आईच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, इतक्यात महिपती तो जीव परत घेऊन आला. रविवारी न विचारता इंदापूरच्या बाजारात लोकांना दाखवायला नेला होता म्हणे. आज मंगळवार. भाकरी कालही संपली, आजही. साखरबाईने पाटीकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. उद्यापासून दोन भाकऱ्या ठेवणार आहे. तुम्ही उत्तराची घाई करू नये.