तिघंही बरी आहेत

झाशी,
बुधवार, दुपार

प्रिय शकू,

आधी हे वाच आणि मग पुढचं. आई, इंदू आणि गजू, तिघंही बरी आहेत. जेवताहेत, बोलताहेत. गजू तर नको इतका बोलतोय. पुढचं सगळं वाचताना तू वसतिगृहाच्या खोलीत एकटी असशील, आणि तुझा जीव कसा वरखाली होतो ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पहिल्या ओळीतच लिहून टाकलं. मी हॉस्पिटलच्या आवारात कडुनिंबाजवळ उन्हाला बसलोय. आई आत वॉर्डात आहे, तिला उद्या सकाळी घरी सोडणार म्हणतात. डोळे मिटताहेत, अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घे.

काल सकाळी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं. त्याआधी कोहऱ्याचं असं दाट धुकं होतं की दारात उभं राहून खंडेराव गेट दिसत नव्हतं. इंदूला शाळेत सोडून आलो. मी डबा भरत होतो, आई अंगणात मटार सोलत होती आणि गजू तिच्याजवळ बसून टरफलांच्या होड्या करत होता. मला वाटलं, चला, आज वर्कशॉपला वेळेवर पोचतो. तेवढ्यात गजू आत आला, माझ्या पायजम्याला धरून उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, मटर अंदर चला गया." तुझ्या लेकाला अजून मराठीत घाबरता येत नाही. मी म्हटलं, गेला तर गेला, पोटात जाईल. तर त्याने नाकाकडे बोट दाखवलं.

आईने आपली तपकीर काढली. शिंक आली की दाणा बाहेर पडेल, असा तिचा हिशेब. पण गजूने शिंकायच्या ऐवजी जोरात श्वास आत ओढला, आणि जो दाणा मघापर्यंत दिसत होता तो दिसेनासा झाला. मग त्याने जो सूर लावला तो विचारू नकोस. आपले गल्लीतले डॉक्टर भाचीच्या लग्नाला दतियाला गेलेले. दवाखान्याला कुलूप. तसाच त्याला उचलला आणि टेम्पोत बसून इथे आलो. डॉक्टरांनी त्याला माझ्या मांडीवर घट्ट धरायला लावलं आणि वाकड्या तारेसारखं काहीतरी आत घालून दाणा बाहेर काढला. फुगून चांगला टपोरा झाला होता. मधल्या मधे गजूने कंपाउंडरचं बोट चावलं. त्या भल्या माणसाने तरीही दाणा धुऊन त्याच्या हातावर ठेवला, कारण गजूला तो परत हवा होता. बाहेर आल्यावर मी त्याला जिलेबी घेऊन दिली. खरं म्हणजे मलाच हवी होती.

घराशी पोचलो तर दारात चंपाभाभी आणि शेजारपाजारच्या दोनतीन बायका. मला पाहताच भाभी ओरडल्या, "भैया, अम्मा बोल नईं रईं!" गजूचं काय झालं विचारायला त्या आल्या होत्या. आईच्या खोलीचं दार आतून लावलेलं, हाका मारल्या तरी ओ नाही. या मटाराच्या गोंधळात आईची अंघोळ उशिरा झाली होती. थंडी भरली म्हणून तिने अंगणातली कोळशाची अंगीठी आत नेली, दार-खिडकी लावून घेतली आणि जपाला बसली. अंगीठी आत न्यायची नाही हे तू तिला किती वेळा सांगत होतीस. मी सांगायचं विसरलो होतो असं नाही, पण सकाळच्या धांदलीत लक्ष तरी कुठेकुठे ठेवायचं?

खिडकीची काच कोपराने फोडली, हात आत घालून खिडकी उघडली आणि तिथून आत शिरलो. आई आसनावर आडवी पडली होती. माळ हातातच. चेहरा लालसर, जणू आत्ताच हसून थांबलीय, पण हलवलं तर मान एका बाजूला कलंडली. मी तिला उचलून अंगणात आणलं. शकू, ती इतकी हलकी झालीय हे मला माहीत नव्हतं. गजूला उचलावं तसं उचललं मी तिला. मोकळ्या हवेत आल्यावर तिला उलटी झाली, डोळे किलकिले झाले, पण मला ओळखेना. मला 'अप्पा' म्हणाली. तिच्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली.

पुन्हा टेम्पो, पुन्हा तोच रस्ता. चंपाभाभींनी आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गजू मला सोडायला तयार नव्हता, म्हणून तोही गळ्यात. आत शिरलो तर तोच कंपाउंडर, बोटाला पट्टी बांधलेला. "अरे भैयाजी, आप फिर आ गए?" म्हणाला आणि मग मागे आईला पाहून धावत जाऊन स्ट्रेचर घेऊन आला. तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा वायू साठला, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मास्कच्या आतून म्हणाली, "गजूचं नाक?" तेव्हा कळलं की आई परत आली.

मी भिंतीला टेकून जरा श्वास घेतोय तोवर आठवलं की इंदूची शाळा सुटली असणार. घराला कुलूप, आणि एरवी तिला बघणाऱ्या चंपाभाभी इथे माझ्याशेजारी. मी निघतोच म्हणून दारापर्यंत आलो, तर समोरून रिक्षा आली आणि तिच्यातून आपल्या दारावर भाजी घेऊन येणारी जानकी उतरली. तिच्या पदराखाली इंदू. पदर रक्ताने माखलेला.

झालं असं की घराला कुलूप पाहून इंदू रडवेली झाली. गल्लीत कुणीतरी सांगितलं, "तेरी दादी को अस्पताल ले गए." तशी ही दप्तरासकट धावत सुटली. गेटाजवळच्या नाल्याच्या दगडावर पाय घसरून तोंडावर आपटली आणि हनुवटी फाटली. जानकीने आपली टोपली तिथेच कुणाच्या तरी भरवशावर सोडली आणि तिला घेऊन आली. कंपाउंडरने या वेळी कपाळाला हात लावला. "अब घर में कौन बचा, भैयाजी?" मी म्हटलं, "मैं." तो हसला, मलाही हसू आलं, पण मग ते थांबेना, आणि चंपाभाभींनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

इंदूने पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? स्वतःच्या हनुवटीबद्दल नाही. "बाबा, आजी मर गई क्या?" तिला तसंच उचलून वॉर्डात नेलं. आईने तिला पाहिलं, रक्त पाहिलं, उठायला लागली, नर्स तिच्यावर ओरडली. आजी हलतेय एवढं पाहून इंदू टाके घालून घ्यायला तयार झाली. टाके पडेपर्यंत तिने माझा अंगठा इतका आवळून धरला होता की अजून दुखतोय. मला वाटलं होतं, सुई टोचली की 'आई' म्हणून हाक मारेल. नाही मारली. ओठ दाबून पडून राहिली. हाक मारण्यापेक्षा ती न मारणंच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी नळावर हात धुवायला गेलो. हाताला कोळसा होता, रक्त होतं, जिलेबीचा पाक होता. धुता धुता तिथल्याच पायरीवर बसलो. शकू, कंटाळा आला म्हणू की थकलो म्हणू, मला कळत नाही. त्या क्षणी तू हवी होतीस एवढंच कळत होतं. काही करायला नको होतं तू. नुसती शेजारी बसली असतीस तरी चाललं असतं.

चंपाभाभी मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "भैया, बहू को तार कर दो." मलाही तेच हवं होतं. मुलांना त्यांच्यासोबत घरी पाठवलं, आणि तारघरात जाऊन येतो असं आईला सांगायला गेलो. तिने तोंडावरचा मास्क बाजूला सारला. "कुणाला तार? शकूला?" मी हो म्हटलं. तर माझी बाही धरली. "तुझ्या ताईला, कमलला बोलाव ग्वाल्हेरहून. सूनबाईला नको. ती येईल रे, धावत येईल. पण एकदा आली की पुन्हा जायची नाही. मी बाई आहे, मला कळतं." जून महिन्यात हीच आई म्हणत होती ना, की लेकुरवाळ्या बाईने परगावी शिकायला जावं असं आमच्यात कधी झालं नाही? तुझी ट्रंक मी रिक्षात ठेवत होतो तेव्हा ती देवघरातून बाहेरसुद्धा आली नव्हती. तिने मास्क स्वतःच पुन्हा तोंडावर ओढला आणि डोळे मिटून घेतले, बोलणं संपलं. मग मी कमलताईला तार केली. ती आज सकाळच्या गाडीने आली, मुलांना तिने न्हाऊ घातलंय, आणि आता स्वतः आईजवळ बसून मला इथे बाहेर झोप काढायला पाठवलंय. झोपायचं सोडून मी हे लिहीत बसलोय.

ते का, तेही सांगतो. गेल्या आठवड्यात तू लिहिलंस की संक्रांतीला येशील ती परत न जाण्यासाठीच. मुलांना काही झालं तर, आईंना काही झालं तर, या धास्तीने वर्गात लक्ष लागत नाही, बी.एड. राहिलं तर राहिलं. त्याला मी अजून उत्तर दिलं नाही, कारण ते वाचून मला आनंद झाला होता आणि तो लिहायची लाज वाटत होती. आता उत्तर देतो. ज्याची तुला धास्ती होती ते काल झालं, सगळंच्या सगळं, एका दिवसात. काहीही न लपवता लिहिलंय, म्हणजे मी तुला धीर द्यायला खोटं बोलतोय असं तुला वाटू नये. आमचं छान चाललंय असं मी लिहिणार नाही. नाही चाललेलं छान. घर अस्ताव्यस्त आहे, मी थकलोय, आणि इंदू हल्ली फार कमी बोलते. पण चंपाभाभी आहेत, जानकी आहे, कमलताई होळीपर्यंत राहते म्हणालीय, आणि आई तुझ्या बाजूने आहे, जे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तेव्हा संक्रांतीला ये. पोरांना पोटाशी घे, आईच्या पाया पड, माझ्याशेजारी थोडी बस. आणि मग परत जा, शकू. मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन. त्या वेळी मी काही वेगळं बोलू लागलो तर ऐकू नकोस.

तुझाच,
दत्तू