सात बशा पोहे

३ जानेवारी, शुक्रवार

आज सहा भाकऱ्या थापल्या!! हात एकदाच धुतले, थापायच्या आधी. मधे नाही, नंतर नाही. पाठ घामानं भिजली, तरी थापल्या. पप्पांनी तीन खाल्ल्या. मी त्यांच्या तोंडाकडंच बघत बसले.

"काय बगतीस? जित्ता हाय मी!"

मिलिटरीतून रिटायर होऊन आल्यापासून एवढे हसलेले पहिल्यांदाच बघितले.

५ जानेवारी, रविवार

एकदा नीट लिहून काढते. मागच्या वर्षी छाटणी झाल्यावर आमच्या द्राक्षबागेत औषधाची फवारणी चालू होती. मी तिथून आले आणि डोक्यात बसलं — औषध माझ्या हाताला लागलंय, मी ज्याला शिवेन तो मरणार. खोटं आहे हे तेव्हाही कळत होतं! तरी हात धुवायचे. दिवसातनं चाळीस-चाळीस वेळा. कातडं फुटलं, रक्त आलं. अकरावीचं वर्ष गेलं. आईनं अंगारे आणले. पप्पा ओरडले, "नाटकं बंद कर!" शिवांजलीताईनं मात्र काही न बोलता मला एसटीत बसवून सांगलीला नेलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा आजार आहे. ओसीडी म्हणतात याला. आणि यावर उपाय आहे." मी तिथंच रडले. आनंदानं. वेडी नव्हते मी!

९ जानेवारी, गुरुवार

ताईला बघायला एकोणीस तारखेला आटपाडीचे पाहुणे येणार. मुलगा विश्वजीत, साताऱ्यात कंपनीत आहे. ताईला फोटो आवडलाय, तोंडानं म्हणत नाही.

आई मला आत घेऊन गेली. "ती मंडळी येऊन जाईस्तोवर तू साताऱ्याला मावशीकडं जा. पावण्यांनी तुज्या गोळ्यांचं इचारलं तर काय सांगायचं?"

पिशवी भरायला घेतली. मग हात धुतले. अकरा वेळा. लपवत नाही, लिहून ठेवते.

१० जानेवारी, शुक्रवार

ताईनं माझी पिशवी कॉटवर ओतली. "क्रांती घरात नसंल तर मी बी साडी नेसत न्हाई." आई रडायला लागली. पप्पा उठून अंगणात गेले. मला वाटलं, आता ओरडणार. आत आले आणि आईला म्हणाले, "कुटं न्हाई जायाची ती. आपून काय चोरी केलीया?"

पप्पा! हेच ते पप्पा!

१३ जानेवारी, सोमवार

डॉक्टर मॅडमनी अभ्यास दिला — पाहुण्यांचे पोहे मी करायचे, बशा मीच द्यायच्या.

"जमेल?"

"नाही."

"चालेल. तरी करून बघ."

१९ जानेवारी, रविवार

केले!

पोहे हातानं निवडले, हातानं भिजवले. डोकं सारखं म्हणत होतं, हे सगळे मरणार. म्हटलं, म्हण तू. कांदा चिरत राहिले. सात बशा भरल्या. विश्वजीत, त्याचे आईवडील, मामा, चुलते, मध्यस्थ आणि पप्पा. एकेकाच्या हातात दिली. सांडलं काही नाही.

मामांनी विचारलं, "धाकटीचं वर्ष गेलं म्हणं? का वो?"

आई म्हणाली, "तिला जरा कावीळ..."

"कावीळ नव्हती," मी म्हणाले. "मनाचा आजार होता. अजून थोडा आहे. सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. आता मी बरी होतेय. हे पोहे मीच केलेत."

मामांनी अर्धी बशी खाली ठेवली. विश्वजीतच्या आईचा चमचा हातातच राहिला. विश्वजीत मान खाली घालून खात होता, पण खात होता. "कळवतो," म्हणून सगळे गेले.

आई भिंतीला टेकून बसली. पप्पांनी मामांची अर्धी बशी उचलली आणि चाटूनपुसून संपवली.

"मीठ बरूबर पडलंय," म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे.

मला भीती वाटत होती. पण आवाज कापला नाही! हे कुणी मला दिलेलं नाही, माझं मी मिळवलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोन नाही. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. ताईचं माझ्यामुळं मोडलं. हे तर डोक्यानं रचलेलं नाही ना, खरंच आहे. ताईला तसं म्हटलं, तर तिनं डोक्यात टपली मारली. "मोडलं तर मोडलं. जिथं भैनीला झाकावं लागतंय त्या घरात मी काय करू?" एवढं बोलली आणि मग लाईट घालवून पाठ फिरवून झोपली. रडत होती. मला कळलं.

तरी हात फक्त जेवायच्या आधी धुतले.

२७ जानेवारी, सोमवार

विश्वजीतच्या आईचा फोन आला. आईनं पळत जाऊन घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. फोन माझ्याकडं केला — "तुज्याशीच बोलायचं म्हणत्यात."

पलीकडं दबका आवाज. "बाळा, दार लावून बोलतीया. घरात कुणाला ठावं न्हाई. एकवीस वर्सं झाली माज्या मनाच्या दुखण्याला. मला बी न्हेशील का तुज्या डॉक्टरीणबाईंकडं?"

ताईचं त्यांनी काढलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणाले, "उद्या सकाळची गाडी धरा, काकू. सांगलीच्या स्टँडवर मी उभी असेन."