आखाजीच्या कॅसेटवरची मोठी अक्षरं

धुळे, ६ एप्रिल १९९१

ती. लीलाधर दाजींना,

पंडितचा दंडवत. वरणगावला तुमची पाठ आता कशी आहे ते कळवावे. अक्का अजून इथेच आहे, आईच्या गुडघ्यांपायी. काळजी नसावी.

पत्रास कारण आमच्या मंडळाची अहिराणी कॅसेट. आठ गाणी सुरतेला भरून झाली. आखाजीच्या आत ती आली नाही तर सणाला माहेरी आलेल्या लेकी परत जातील आणि ऐकायला गाणारेच उरतील. अडलंय कॅसेटवरच्या कागदावर. कंपनीवाल्याने कळवलं, गाण्यांची नावं इंग्रजीतही पाहिजेत. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, मधले चिल्लर शब्द लहान. झालं! तोतारामनाना (ढोलकी, वय सत्तर, चालू कान एक) म्हणाले, चिल्लर कोणाला म्हणतो? सगळंच मोठं पाहिजे. "मन्हं गानं बठ्ठं मोठा अक्षरमा लिख, नहीते मी ढोलकी लई जासू." मग पेटीवाल्या जीवरामने आपल्या गाण्यापुढे तीन उद्गारचिन्हं मागितली. गाणं अंगाईचं आहे. पोर दचकून उठेल म्हटलं, तर दोन दिवस अबोला.

शेवटी वनाच्या छापखान्यात गेलो. (वीस वर्षं तो फक्त लग्नपत्रिका छापतो, त्यामुळे मानपान त्याच्याइतका कोणाला कळत नाही.) त्याने वयाप्रमाणे अक्षरं लावली, सत्तरीला सगळ्यात मोठी, मग उतरत उतरत. नाना खूश. पण हाताची सवय कुठे जाते? कॅसेटच्या पहिल्या बाजूवर त्याने 'वरपक्ष' छापलं, दुसरीवर 'वधूपक्ष', आणि खाली 'कृपया आहेर आणू नये'. दुसऱ्या बाजूचे गडी असे रुसले की चहालाही उठेनात. मी पाया पडलो, शेवभाजी खाऊ घातली, दोन्ही पक्ष काढून टाकले. आहेराची ओळ तेवढी राहिली, नाना म्हणाले सभ्य दिसते.

आता फक्त आठव्या गाण्याची अक्षरं राहिलीत. वना म्हणतो, वय सांगा, अक्षर लावतो. गाणारी वय सांगत नाही.

आपला,
पंडित

ता.क. आठवं गाणं अक्काने म्हटलंय. आईचे गुडघे ठणठणीत आहेत, ती स्वतः सोबत म्हणून एस.टी.ने सुरतेला आली होती. लग्न झाल्यापासून तुम्ही अक्काला गाऊ दिलं नाही, याचा मला फार राग आहे, तो आज लिहून टाकतो. ती गायला लागली तेव्हा नाना ढोलकी वाजवायची विसरले. गाणं दुसऱ्यांदा भरावं लागलं.

ता.क. दुसरा. वना म्हणतो, पत्रिकेत बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतंच. तुमची संमती असेल तर पंधरा तारखेच्या आत कळवा. 'केसरबाई लीलाधर' असं नानांपेक्षा मोठ्या अक्षरांत घालतो, वर हवी तितकी उद्गारचिन्हं. उत्तर नाही आलं तर नुसतं 'केसरबाई', आणि पुढे पूर्णविराम. पत्र अक्काला वाचून दाखवलं. म्हणाली, छान लिहिलंस, सोळा तारखेला पोस्टात टाक.